अठरा फ्रेमचा सत्कार

टीव्हीच्या पुरस्कार सोहळ्यात संध्याकाळ नटांची असते आणि दुपार तंत्रज्ञांची. असा नियम कुठे लिहिलेला नाही, पण दोघांची निमंत्रणं शेजारी शेजारी ठेवली की लगेच कळतं. नटांना पत्रिका येते. जाड, मखमली, सोबत सुक्या मेव्याचा डबा, वर सोनेरी अक्षरांत 'रेड कार्पेट : सायंकाळी ६.३०'. आम्हाला व्हॉट्सॲपवर मेसेज येतो. 'टेक्निकल विनर्सनी २.३० शार्पला रिपोर्ट करावे. गेट नं. ३. ब्लेझर मस्ट. लंच करून यावे.'

त्यातलं 'विनर्स' वाचलंत ना? नटांच्या वेळी पाच-पाच नामांकनं असतात, पाकीट फोडतात, ढोल वाजतो, ज्यांना मिळालं नाही ते चौघं दात दाखवत टाळ्या पिटतात. आमचा निकाल आठवडाभर आधी फोनवर सांगून मोकळे होतात. भर दुपारी हरायला चार माणसं बोलवायची आणि वर त्यांना चहा पाजायचा, एवढं बजेट कुठल्याच वाहिनीकडे नसतं.

मी डेली सोपचा एडिटर. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वजा जाता बावीसेक मिनिटांचा मजकूर लागतो. सेटवरून कधी पस्तीस मिनिटं येतात, कधी सोळा. पस्तीस आली की कापायची आणि सोळा आली की ताणायची. ताणायला लागतं म्हणून माझ्या कॉम्प्युटरवर वेगवेगळे फोल्डर आहेत. 'सासू संशय', 'सासू धक्का', 'सासू धक्का (हिरवी साडी)', 'नायिका हुंदका उजवीकडून'. मागे आमची नायिका बाळंतपणाच्या रजेवर गेली होती. तिच्या जुन्या हुंदक्यांवर मी मालिका कित्येक आठवडे रेटली. ती दारात उभी आहे, ऐकते आहे, डोळे भरून आले आहेत आणि कॅमेरा सासूवर. प्रेक्षकांना पत्ताही लागला नाही की बाई तेव्हा पुण्यात माहेरी डिंकाचे लाडू खात होती. त्या वर्षी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. तिने आईवडिलांचे आभार मानले, गुरूंचे मानले, त्वचेच्या डॉक्टरांचे मानले आणि घरी वाट पाहणाऱ्या कुत्र्याचे मानले.

माझी तक्रार नाही. आमच्या धंद्यात 'माझी तक्रार नाही' हे वाक्य दिवसातून बरेचदा म्हणावं लागतं. दुसरं लाडकं वाक्य 'आपलं काम बोललं पाहिजे'. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, त्या काळातली माणसं अजून सांगतात की कार्यक्रम संपल्यावरची श्रेयनामावली सावकाश वर सरकायची आणि ती सगळ्या घराने वाचलेली असायची. माझ्या सासऱ्यांना तेव्हाच्या नेपथ्यकारांची नावं आजही तोंडपाठ आहेत. आता नामावली पडद्याच्या एका कोपऱ्यात दाबून पळवतात आणि उरलेल्या जागेत पुढच्या मालिकेचा प्रोमो लावतात. सासरे चिडून विचारतात, "एवढ्या जोरात पळवतो कोण हे?" मी पेपरमागे तोंड लपवतो. पळवायचं कामही माझ्याकडेच असतं.

तर सांगितल्याप्रमाणे मी अडीचला पोहोचलो. लग्नातला ब्लेझर, बटण लागत नाही म्हणून उघडा. हॉलचा एसी सहा वाजता सुरू होणार होता, कारण भाडं तासावर. गेट नंबर तीन म्हणजे जिथून सेटचं थर्माकोल आणि केटररची पातेली आत जातात ते. सुरक्षारक्षकाने विचारलं, "काय सामान आहे?" मी म्हटलं, "मी विजेता आहे." त्याने वॉकीटॉकीवर कोणाला तरी कळवलं, "विजेता आलाय. वायर वगैरे काही दिसत नाही त्याच्याकडे."

आत आम्ही एकूण आठ. संवाद, छायाचित्रण, ध्वनी, संकलन, कला दिग्दर्शन, वेशभूषा, रंगभूषा, केशभूषा. संवादलेखक दोन खुर्च्या सोडून बसला होता, कारण लेखनाला टेक्निकलमध्ये टाकल्याचा त्याला राग आला होता. बाकीच्यांचं मात्र बसल्या जागी काम सुरू झालं. कला दिग्दर्शकाने स्टेजवरच्या संगमरवरी खांबावर टिचकी मारून पाहिली, भोक पडलं, तसा तो समाधानाने परत आला. वेशभूषावाल्या ताईंनी माझ्या ब्लेझरचा सुटलेला दोरा दातांनी तोडला. मेकअपदादांनी खिशातून पफ काढून माझं कपाळ टिपलं. केशभूषावाल्या ताईंनी माझ्या डोक्याकडे पाहिलं, काही करण्यासारखं दिसेना, तेव्हा त्या दुसरीकडे बघू लागल्या.

आमच्यात सगळ्यात ज्ञानी साउंडवाला. याची दोन कारणं. एक, नटांच्या कपड्यांत कॉलर माइक असतो आणि शॉट कट झाल्यावर तो चालू आहे हे ते विसरतात, त्यामुळे कोणाचं कोणाशी काय चाललंय, कोणाचे किती पैसे थकलेत, कोण मालिका सोडणार आहे हे हेडफोन लावून बसलेल्या या माणसाला सगळ्यांच्या आधी कळतं. सेटवर त्याला पहिला चहा मिळतो तो आदरापोटी नव्हे. दोन, लाइट लागेपर्यंत तो मोबाइलवर जगाची माहिती वाचत बसतो.

"अमेरिकेतही असंच आहे," तो म्हणाला. "तिथल्या टीव्हीच्या एमी पुरस्कारांतले बहुतेक टेक्निकल पुरस्कार मुख्य सोहळ्याच्या आधी वेगळे उरकून घेतात. २०१६पासून तर त्याला दोन रात्री लागायला लागल्या."

"रात्री!" कला दिग्दर्शकाने उसासा टाकला. "निदान रात्री तरी."

"आणि ती एमीची बाहुली पाहिलीय? पंखवाली बाई, हातात अणू? ती लुई मॅकमॅनस नावाच्या टीव्हीतल्याच एका इंजिनिअरने केली. त्याच्या आधीची ४७ डिझाइनं नापास झाली होती. मॉडेल म्हणून त्याने स्वतःच्या बायकोला उभं केलं. २५ जानेवारी १९४९ला पहिला सोहळा झाला, त्यात त्याचाही सत्कार केला."

"बायकोला पैसे दिले का?" वेशभूषावाल्या ताईंनी विचारलं. हे त्याने वाचलेलं नव्हतं.

"आणि ऑस्कर," तो थांबेना. "२०२२ साली त्यांनी काही पुरस्कार थेट प्रक्षेपण सुरू व्हायच्या आधीच देऊन टाकले आणि मग त्याचे तुकडे कार्यक्रमात जोडले. एडिटिंग त्यात होतंच. साउंड, मेकअप, सेटसुद्धा. इतकी ओरड झाली की पुढच्या वर्षी सगळे परत आत घ्यावे लागले."

"किती होते असे?"

"आठ."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. संवादलेखक सुद्धा एक खुर्ची जवळ सरकला.

तेवढ्यात ईपी आला. ईपी म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर, पण कामाचं स्वरूप म्हणजे सतत धावणे. "सर, प्लीज जरा पुढच्या रांगांत बसता का? कॅमेऱ्यांना फोकस घ्यायचाय." आम्हाला वाटलं, चला, आपल्यासाठी कॅमेरे लागतायत. मला पुढून दुसऱ्या रांगेत बसवलं आणि छातीवर एक कागद चिकटवला. त्यावर आमच्या वाहिनीच्या सगळ्यात देखण्या नायकाचं नाव. तो संध्याकाळी तिथे बसणार होता. मग बराच वेळ माझ्यावर लाइट पडत होता, जात होता, पुन्हा पडत होता. "थोडे डावीकडे बघा सर. हां. आता हसा. नाही, तो नाही असा हसत."

त्याच वेळी प्रेक्षकांचं शूटिंग सुरू झालं. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, टीव्हीवरच्या सोहळ्यात नटमंडळी ज्या विनोदाला हसताना दिसतात तो बहुधा तेव्हा व्हायचा असतो. जे कलाकार तालमीसाठी लवकर आलेले असतात त्यांना धरून समोर बसवतात आणि फ्लोअर डायरेक्टर माइकवरून सांगतो, "आता हसा. आता खूप हसा, शेजारच्याला टाळी द्या. आता भावुक व्हा. ताई, तुम्ही डोळ्याची कड टिपा. आता टाळ्या, कौतुकाच्या. आता टाळ्या, पण थोड्या जळून." आमची नायिका या सगळ्यात पटाईत. तिने एका बैठकीत पुढच्या तीन तासांच्या सगळ्या भावना देऊन टाकल्या आणि ती मेकअपला निघून गेली.

"चार्ली डग्लस," साउंडवाला माझ्या कानाशी पुटपुटला. "अमेरिकेतला साउंड इंजिनिअर. त्याने हसण्याची पेटी बनवली होती. टाइपरायटरसारखी बटणं. एक दाबलं की खुदुखुदू, दुसरं दाबलं की खो-खो. मालिकांना हसू पुरवत फिरायचा. आत काय आहे ते कुणाला कळू नये म्हणून पेटीला कुलूप. त्यालाही एमी मिळालं, १९९२ला."

"तेव्हा टाळ्या कोणी वाजवल्या?" मी विचारलं. यावर तो इतका गंभीर झाला की त्याने पुढे काही सांगितलंच नाही.

साडेतीन वाजता पुरस्कार सुरू झाले. निवेदक आलेले नव्हते, त्यांच्या जागी फ्लोअर डायरेक्टर यादी वाचत होता. पुरस्कार द्यायला सोहळ्याची प्रायोजक असलेल्या मसाल्याच्या कंपनीचे विभागीय वितरक होते. गृहस्थ अतिशय सज्जन. स्टेजवर एका बाजूला नाचणाऱ्या मुली 'फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट' करत होत्या, दुसरीकडे क्रेनवरचा कॅमेरा वरखाली होत होता आणि मध्ये दोन वितांच्या जागेत आम्ही. ट्रॉफी एकच होती. ती घ्यायची, फोटो काढायचा, पाच पावलं चालायचं आणि विंगेत उभ्या असलेल्या मुलाला परत द्यायची. तो ती घेऊन मागून धावत पलीकडच्या विंगेत जायचा, की पुढचा पुरस्कार. मेकअपदादांनी ती छातीशी धरून ठेवली तेव्हा मुलगा अजिजीने म्हणाला, "दादा, द्या ना, केशभूषा थांबलीय."

माझी पाळी आली. वितरकांनी माझा हात हातात घेतला.

"तुम्ही कॅमेरा का?"

"नाही. एडिटिंग."

"म्हणजे तुम्हीच कापता?"

"हो."

"आमची जाहिरात कापू नका हं," असं म्हणून ते मनापासून हसले. एवढाच आमचा संवाद. मी घरी आरशासमोर भाषण तयार केलं होतं. आरंभी विनम्र, मध्ये थोडं बोचरं, शेवटी आईची आठवण. ते 'फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट'मध्ये विरून गेलं. खाली उतरताना क्रेन माझ्या डोक्यावरून गेली आणि वरून कोणीतरी ओरडलं, "ए टकल्या, बाजूला!" ती सोहळ्यातली मला उद्देशून झालेली एकमेव घोषणा.

आमचे पास पाचपर्यंतचेच होते. पण साडेसहाला मधल्या रांगा ओस दिसायला लागल्या तसा ईपी पुन्हा धावत आला. "सर, बसता का? फ्रेम रिकामी दिसतेय." बसलो. खुर्चीचा मालक आला की उठायचं, पुढच्या रिकाम्या खुर्चीत जायचं. असं करत करत आम्ही हॉलभर फिरलो. छायाचित्रणाचा पुरस्कार मिळालेला आमचा डीओपी मात्र नव्हता, तो ब्लेझर काढून लाइटच्या कन्सोलवर बसला होता. कारण सोहळ्याचं लाइटिंगही त्याच्याकडेच.

नऊच्या सुमारास आम्हाला कोणीतरी सांगितलं की मागच्या बाजूला क्रूचं जेवण लागलंय आणि पनीर संपत आलंय. आम्ही सात जण उठलो. ताट हातात घेतलं आणि आत निवेदकाचा आवाज घुमला. "आणि आता त्या हातांसाठी, जे कधीच दिसत नाहीत! पडद्यामागच्या आमच्या शिलेदारांसाठी कृपया सगळ्यांनी उभं राहून…" संपूर्ण हॉल उभा राहिला. काहीजणांनी शिट्ट्या वाजवल्या म्हणतात. हे आम्हाला नंतर डीओपीने सांगितलं. प्रेक्षकांवर सोनेरी प्रकाश त्यानेच टाकला होता, आणि तो छान पडला होता असं तो अजून सांगतो.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी ईपीचा फोन आला. "सर, अभिनंदन! आणि एक रिक्वेस्ट होती. सोहळ्याचं एडिट तुम्हीच कराल का? आपला माणूस हवा."

आता इथून पुढचं नीट समजून घ्या. स्लॉट तीन तासांचा. जाहिराती गेल्या की उरतात साधारण सव्वादोन तास. फुटेज पाच तासांहून जास्त. एडिट रूममध्ये माझ्या मागच्या सोफ्यावर वाहिनीची क्रिएटिव्ह. वय पंचविशीच्या आसपास, अत्यंत नम्र, अंगावर शाल, कारण आमच्या खोलीत मे महिन्यातही स्वेटर लागतो. ती प्रत्येक वाक्य 'सर'ने सुरू करते आणि त्या वाक्याच्या शेवटी काहीतरी कापायचं असतं.

"सर, टेक्निकलचं आपण मस्त मोंताज करू या. हळवं म्युझिक. चाळीस सेकंद."

चाळीस सेकंदांत आठ जण म्हणजे प्रत्येकी पाच. वाईट नाही. माणूस पाच सेकंदांत ओळखू येतो. मी तसं जोडून ठेवलं. मग प्रमुख पाहुण्यांचं भाषण आहे तेवढंच ठेवायचं ठरलं. मग नव्या मालिकेच्या जोडीचा प्रवेश वाढला, तो आधी पालखीतून होता, आता पालखीआधी घोडाही.

"सर, वीस सेकंद?"

"ठीक आहे."

"सर, इथे लोक रिमोट उचलतात. आठ सेकंद."

रिमोटचं ऐकून मला साउंडवाल्याचं दुसरं पुराण आठवलं. १९५५ साली युजीन पॉली या इंजिनिअरने झेनिथ कंपनीसाठी प्रकाशाच्या झोतावर चालणारा बिनतारी रिमोट केला. तो उन्हानेही बिथरायचा. पुढच्या वर्षी तिथल्याच रॉबर्ट ॲडलरने दुसरा केला, त्यात सेलच नव्हता, बटण दाबलं की आतली चिमुकली हातोडी ॲल्युमिनियमच्या दांडीवर आपटायची आणि माणसाला ऐकू न येणारा आवाज टीव्हीला कळायचा. या कामाबद्दल १९९७मध्ये दोघांना एमी मिळालं. म्हणजे तंत्रज्ञांचे पुरस्कार लागले की प्रेक्षक जे यंत्र उचलतात, त्याच यंत्राला तंत्रज्ञांचा पुरस्कार आहे. मी हे क्रिएटिव्हला सांगितलं. ती म्हणाली, "सो स्वीट, सर. तर आठ."

आठ सेकंदांत सुरुवातीची 'पडद्यामागचे शिलेदार' ही ॲनिमेशनची पाटी दोन सेकंदांची. ती कमी करता येत नव्हती कारण तिच्यावर मसाल्याच्या कंपनीचा लोगो फिरत होता. उरले सहा सेकंद. आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एकूण १५० फ्रेम. भागिले आठ. प्रत्येकी अठरा, आणि खाली उरल्या सहा.

ही बातमी कशी फुटली कोण जाणे, पण संध्याकाळपासून फोन सुरू झाले. 'आपलं काम बोललं पाहिजे' म्हणणारे सगळे स्वतः बोलायला लागले. मेकअपदादा म्हणाले, "मला काही हौस नाही, पण घेशील तो उजव्या बाजूने घे, डावीकडून गाल बसका दिसतो." डीओपी म्हणाला, "माझ्यावर दुपारी लाइटच नव्हता, जरा ब्राइटनेस उचल." कला दिग्दर्शकाला स्वतःऐवजी मागचा खांब दिसलेला चालणार होता, फक्त भोक न दिसणारा. संवादलेखकाने पाच ओळींचा मेसेज पाठवला की त्याला टेक्निकलमध्ये दाखवू नये, आणि लगेच दुसरा, की दाखवलंच तर नावात 'लेखक' हा शब्द ठळक असावा. वेशभूषावाल्या ताईंनी सांगितलं की त्यांच्या सासूबाई मुद्दाम सांगलीहून टीव्ही बघायला येणार आहेत. आणि साउंडवाल्याने थेट मुद्द्याला हात घातला. "त्या शिल्लक सहा फ्रेमचं काय केलंस?"

"काही नाही अजून."

"माझ्याकडे तुझ्याविषयी बरीच माहिती आहे," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

सहा फ्रेम शेवटी लोगोला गेल्या. त्यावर कोणी काही बोललं नाही, लोगोचा कुणाला हेवा वाटत नाही.

सगळ्यांच्या अठरा-अठरा बसवल्या आणि स्वतःवर आलो. माझं फुटेज उघडलं. चार कॅमेरे. पहिल्यावर नाचणाऱ्या मुली. दुसऱ्यावर वितरक आणि त्यांच्या हातात एक परका हात, तो माझा. तिसरा मी पुढे होताच कोणालातरी शिव्या देत खाली वळला होता. चौथा क्रेनचा, त्यात वरून एक टक्कल चमकत फ्रेमच्या बाहेर जात होतं.

"सर, तुमचा फेस नाहीये?" क्रिएटिव्हने विचारलं.

मी रात्री उशिरापर्यंत फुटेजचे फोल्डर उपसत बसलो. आणि 'फोकस टेस्ट २' नावाची क्लिप सापडली. प्ले केली. दुसऱ्या रांगेत मी. चार मिनिटं अखंड. फोकस धारदार, खांद्यावरून मागचा प्रकाश, डोळ्यांत नेमका एक ठिपका, गालाच्या हाडाखाली जराशी सावली. नायकासाठी लावलेला लाइट होता तो. आमच्या लग्नाच्या अल्बमातही मी असा दिसलेलो नाही. छातीवर कागद होता, पण पंधरा टक्के झूम केलं की तो खालून कटायचा. मी अठरा फ्रेम निवडल्या, मागे-पुढे केल्या, पुन्हा निवडल्या. सकाळी क्रिएटिव्हला दाखवल्या.

तिने शाल सावरत स्क्रीनकडे पाहिलं. "सर, हा कोण?"

"मी."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग स्क्रीनकडे. "पण सर, यात तुम्ही जांभई देताय."

ते खरं होतं. अठरा फ्रेममध्ये तोंड उघडतानाच दिसत होतं, मिटायला आणखी चाळीस लागल्या असत्या. चार मिनिटांत जिथे जांभई नव्हती तिथे मी सांगितल्याप्रमाणे हसत होतो, आणि ते त्याहून वाईट होतं.

"सर, आपण रिॲक्शन टाकू या ना," ती म्हणाली. "हिरोइनचा. टाळ्या वाजवतानाचा. इमोशनली लँड होईल." आणि खरं सांगतो, एडिटर म्हणून मलाही ते पटलं. तिचा कौतुकाच्या टाळीचा शॉट सुंदर होता. त्यात डोळ्याची कडही ती टिपत होती.

प्रक्षेपणाच्या रात्री आमच्याकडे सगळे जमले. सासरे चष्मा पुसून पुढे बसले. मी त्यांना सांगून ठेवलं होतं की आता पापणी मिटायची नाही. पाटी आली, लोगो फिरला, म्युझिक हळवं झालं आणि संपलं. खोलीत कोणी काही बोललं नाही. मग सासरे म्हणाले, "जाहिरात होती का ही?"

पण हल्लीची पिढी हार मानत नाही. भाच्याने तेच ॲपवर लावलं, मागे नेलं, पुढे नेलं, थांबवलं आणि फॅमिली ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला. खाली पट्टीवर माझं नाव, 'उत्कृष्ट संकलन', आणि वर नायिका, डोळे टिपत, टाळ्या वाजवत. नागपूरच्या मावशींनी लगेच अंगठा पाठवला. मग लिहिलं, "अभिनंदन!! सूनबाई किती गं बारीक झालीस! काय डाएट करतेस?" बायकोने तो मेसेज वाचून फोन माझ्यासमोर ठेवला आणि ती स्वयंपाकघरात गेली. तिथून भांड्यांचा जो आवाज आला तो साउंडवाल्याने ऐकायला हवा होता.

ट्रॉफी महिन्याभराने कुरियरने आली. त्यावर नाव माझंच होतं, खाली 'उत्कृष्ट केशभूषा'. मी केशभूषावाल्या ताईंना फोन केला. त्यांच्याकडे 'उत्कृष्ट संकलन' गेलं होतं. मी म्हटलं, बदलून घेऊ. त्या थोड्या घुटमळल्या. "अहो राहू दे ना सर. सोसायटीत सगळ्यांनी पाहिलंय. संकलन म्हणजे ऐकायला कसं, प्राध्यापक झाल्यासारखं वाटतं." आता ती केशभूषेची ट्रॉफी आमच्या शोकेसमध्ये आहे. येणारा पाहुणा ती वाचतो, माझ्या डोक्याकडे पाहतो आणि विषय पावसाकडे नेतो.

आमच्या आठ जणांचा 'विनर्स टेक्निकल' नावाचा ग्रुप अजून चालू आहे. तिथे मेकअपदादांचा संशय असा की ध्वनीला एकोणीस फ्रेम मिळाल्या. साउंडवाल्याने मोजून अठराच असल्याचा पुरावा टाकला, मग संवादलेखकाने त्याच्या तर सतराच भरतात असं सिद्ध केलं. मी सगळ्यांना शांत करत होतो, तेवढ्यात ईपीचा फोन आला.

"सर, रविवारी सोहळ्याचा रिपीट आहे. दुपारचा स्लॉट, अर्ध्या तासाने छोटा. तुम्हीच बसता का? कुठून काढायचं ते तुम्हाला सांगायला नको."